ओतीव मूर्तीतील मनुष्य

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत कुळांचे इतिहास, कुलदैवतांची स्थाने, कर्तबगार ज्ञातिबांधवांची चरित्रे आणि गतवर्षीच्या कार्याचा आढावा हे विषय नेहमी येतात, आणि ते यावयासच हवेत. परंतु ज्या धातूने आपल्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या अन्न दिले, ज्याच्या ‘कांस्यकार’ या नावावरून आपल्याला ‘कासार’ हे नाव मिळाले, त्या धातूविषयी आपण आपापसात फारसे बोलत नाही. बोललोच तर भांड्यांविषयी बोलतो. ताट, वाटी, तांब्या, पातेले यांचा इतिहास मोठा आहे यात शंका नाही. तथापि याच धातूत मनुष्याने स्वतःची आकृतीही ओतली आहे, आणि तीही गेली साडेचार हजार वर्षे. भांडे पाहिले म्हणजे मनुष्य काय खात होता ते कळते. मूर्ती पाहिली म्हणजे तो स्वतःस काय समजत होता ते कळते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या गोष्टीचा विचार करावयाचा आहे, आणि शेवटी आपल्या व्यवसायाशी निगडित अशी एक विनंती सर्व कुटुंबांपुढे ठेवावयाची आहे.

प्रथम धातूविषयी थोडेसे. तांब्यात कथील मिसळले म्हणजे कासे होते व जस्त मिसळले म्हणजे पितळ होते, हे आपल्या घरातील लहान मुलासही ठाऊक असते. ताटवाटीच्या कांस्यात कथील भरपूर, म्हणून ते खणखणीत वाजते. मूर्तीच्या कांस्यात त्याचे प्रमाण कमी असते. मूर्ती ओतण्याच्या जुन्या पद्धतीस आपल्या ग्रंथांत ‘मधूच्छिष्टविधान’ असे म्हटले आहे. मधूच्छिष्ट म्हणजे मेण. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ही रीत सविस्तर सांगितली आहे. प्रथम मूर्ती मेणाची घडवावयाची. तिच्यावर बारीक मातीचा लेप द्यावयाचा, तो सावलीत वाळू द्यावयाचा, पुन्हा लेप द्यावयाचा. मग साचा तापविला म्हणजे मेण वितळून वाहून जाते व आत मूर्तीच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत मुशीतील रस ओतावयाचा, आणि थंड झाल्यावर माती फोडावयाची. मेणाच्या वजनाच्या आठपट तांबे वा पितळ, बारापट रुपे आणि सोळापट सोने घ्यावे, असा हिशेबही त्या राजाने दिला आहे. साचा एकदाच उपयोगी पडतो. म्हणून या रीतीने झालेली प्रत्येक मूर्ती एकटीच असते. तिची जुळी बहीण जगात नसते.

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, अशी आपली म्हण आहे. ती पाषाणाविषयी आहे. पाषाणातील मूर्तिकार नको तो भाग काढून टाकतो, आणि त्याला सदैव भय असते ते मोडण्याचे. शरीरापासून दूर गेलेला हात, एका पायावर तोललेला देह, बारीक बोटे ही दगडास पेलत नाहीत. म्हणून दगडी मूर्तीच्या पाठीशी शिळा, पायाशी खुंट किंवा हाताखाली आधार ठेवावा लागतो. धातूच्या अंगी चिवटपणा असतो. तो ताण सहन करतो. त्यामुळे कांस्यात मनुष्यास आपला हात कमरेवर ठेवता आला, मान वळविता आली, एका पायावर भार देऊन दुसरा सैल सोडता आला. ही वरकरणी कारागिरीची बाब दिसते, परंतु तिचा परिणाम फार खोल झाला. मनुष्य उभा कसा राहतो, थकून बसतो कसा, कोणावर तरी रेलतो कसा, हे दाखविण्याची सोय झाली. आणि मनुष्याचे मनुष्यत्व त्याच्या आयुधांपेक्षा व अलंकारांपेक्षा या साध्या गोष्टींतच अधिक दिसून येते.

याचा पहिला पुरावा मोहेंजोदडोचा. तेथे १९२६ साली उत्खननात एका तरुण स्त्रीची कांस्यमूर्ती मिळाली. ती आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इ. स. पू. २५०० च्या सुमाराची ही मूर्ती अवघी चार इंचांच्या आसपास उंच आहे. संशोधकांनी तिला ‘नर्तकी’ हे नाव दिले, परंतु ती नाचते आहे असे मूर्तीत कोठेच दिसत नाही. ती उभी आहे. उजवा हात कमरेवर, डावा हात मांडीवर टेकलेला, एक गुडघा किंचित वाकलेला, हनुवटी वर उचललेली. तिच्या डाव्या हातात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्या आहेत, सुमारे दोन डझन. उजव्या हातात मात्र चारच. बांगड्या भरणे हाही आपल्याच ज्ञातीचा व्यवसाय असल्यामुळे हा तपशील आपल्या लक्षात चटकन भरावा. तिला मुकुट नाही, हाती आयुध नाही, ती कोणत्या देवतेची मूर्ती असल्याचे चिन्ह नाही. कमरेवर ठेवलेला हात व देह यांमध्ये जी मोकळी जागा सुटली आहे तीत तिचा सारा स्वभाव आहे. कोणी काही सांगत आहे, आणि तिला ते पटलेले नाही, असे तिच्याकडे पाहून वाटते. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका अनामिक ओतकाऱ्याने राजा सोडून, पुरोहित सोडून, या मुलीचा हा क्षण मेणात पकडावा, ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरा पुरावा आपल्या घरचाच आहे. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद हे स्थळ आहे. तेथे १९७४ साली जमिनीत खणताना एका भिल्ल शेतकऱ्यास चार भरीव ओतीव वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला एक रथ. चारींचे मिळून वजन ६० किलोग्रॅमहून अधिक आहे. त्यांचा काळ पुष्कळ विद्वान इ. स. पू. २००० च्या आसपासचा मानतात, तर काहींना तो मान्य नाही. त्यांच्या धातूत कथील नगण्य असून सोमलाचा अंश आढळला आहे, म्हणजे काटेकोर बोलावयाचे तर ते कासे नव्हे. तो शास्त्रीय वाद बाजूस ठेवून रथाकडे पाहावे. रथात एक पुरुष उभा आहे. पुढे बैल आहेत, आणि त्याच्यापुढे रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. हा पुरुष देव की मनुष्य, हे निश्चित सांगता येत नाही. परंतु बैल जुंपून कुत्र्यास बरोबर घेऊन निघालेला पुरुष आजही आपल्या गावाच्या पांदीत कोणासही भेटेल. त्याला घडविणाऱ्याने जनावरांवर जेवढे लक्ष दिले तेवढेच मनुष्यावर दिले, त्याहून अधिक नाही. मनुष्य हा एकटा नसून आपल्या गुराढोरांसह मनुष्य आहे, ही समज त्यात दिसते.

आता सुज्ञ वाचक असे विचारतील की, ही कला इतकी जुनी व इतकी पसरलेली होती, तर तिचे नमुने एवढे विरळा का? दगडी मूर्ती भग्नावस्थेत का होईना, हजारोंनी आढळतात; मग जुन्या कांस्यमूर्ती बोटांवर मोजण्याइतक्या का? याचे उत्तर कोणत्याही संग्रहालयापेक्षा कासाराच्या दुकानात लवकर मिळते. दगड मोडला तर त्याचा दगडच राहतो. धातू मोडला तर त्याची मोड होते, आणि मोडीला भाव असतो.

प्राचीन ग्रीक लोकांनी कांस्यात मनुष्यदेह ओतण्याची कला पराकोटीस नेली होती. त्यांच्या नगरांत व देवस्थानांत शेकडो कांस्यपुतळे उभे होते असे जुन्या लेखकांच्या वर्णनांवरून कळते. त्यांपैकी आज मूठभर उरले आहेत. बाकीचे नाण्यांसाठी, शस्त्रांसाठी, भांड्यांसाठी वितळले. जे उरले त्यांची कथा जवळजवळ एकच आहे: ते वितळविणाऱ्याच्या हाती लागले नाहीत. इटलीच्या दक्षिण टोकास रियाचे या गावाजवळ १९७२ साली एका पाणबुड्यास समुद्राच्या तळाशी दोन पूर्णाकृती वीरपुरुष आढळले. ते इ. स. पू. पाचव्या शतकातील असून त्यांचे ओठ तांब्याचे आहेत, आणि एकाचे दात रुप्याचे आहेत. ते समुद्रात गेले म्हणूनच आपणास दिसले. रोम शहरात सम्राट मार्कस ऑरेलियस याचा अश्वारूढ पुतळा वाचला, तो निराळ्याच कारणाने. मध्ययुगात लोक त्याला कॉन्स्टंटाईन या पहिल्या ख्रिस्ती सम्राटाचा पुतळा समजत राहिले, म्हणून त्यास कोणी हात लावला नाही. एका गैरसमजाने एवढी मोठी कलाकृती राखली.

रोममध्येच १८८५ साली क्विरिनल टेकडीच्या उतारावर बांधकामासाठी खोदताना बसलेल्या मुष्टियोद्ध्याचा पुतळा मिळाला. तो कोणी तरी जपून पुरून ठेवलेला होता. लढत संपली आहे. तो गडी हातांवरील चामडी पट्टे न सोडताच दगडावर बसला आहे. नाक फुटलेले, कान सुजलेले, आणि जखमांच्या जागी लाल तांबे बसवून ओतकाऱ्याने रक्त दाखविले आहे. त्याने मान वळवून वर पाहिले आहे, जणू कोणी त्याला हाक मारली आहे. तो जिंकला की हरला हे कळत नाही, आणि पाहणाऱ्यास ते विचारावेसेही वाटत नाही. थकवा जिंकणाऱ्यास व हरणाऱ्यास सारखाच येतो. हे सत्य इतक्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी मूर्ती प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

येथे कोणी म्हणेल की पाश्चात्त्यांनी मनुष्य घडविला, आपण देव घडविले. तेव्हा आपल्या मूर्तींत मनुष्यत्व कोठून येणार? या शंकेचे उत्तर तंजावरच्या कलासंग्रहालयात उभे आहे. चोळ राजांच्या अमदानीत कावेरीच्या खोऱ्यातील स्थपतींनी कांस्यमूर्तींची जी परंपरा निर्माण केली तिला जगात तोड नाही. त्यांपैकी तिरुवेण्काडू येथील वृषवाहन शिवाची मूर्ती इ. स. १०११ ची आहे. ती पुढे केव्हातरी भूमीत पुरली गेली व विसाव्या शतकाच्या मध्यास पुन्हा वर आली. शिव उभा आहे. एक पाय दुसऱ्यापुढे सहज टाकलेला, मस्तकावर जटांचा पागोट्यासारखा बंध, आणि एक हात नंदीच्या पाठीवर टेकलेला. परंतु नंदी तेथे नाही. तो निराळा ओतलेला होता, आणि तो हरवला. हात मात्र जसा होता तसाच अधांतरी विसावलेला आहे. त्रैलोक्याचा स्वामीही कोणावर तरी रेलून उभा राहतो, आणि ज्यावर रेललो तो निघून गेला तरी हाताला सवय राहते! देवाच्या मूर्तीत हे मनुष्यपण घालण्यास चोळ स्थपतीस संकोच वाटला नाही. नंदीचे जाणे हे काळाचे काम असले, तरी रेलण्याची ती ढब स्थपतीचीच आहे.

आपल्या ज्ञातीसारखीच ज्ञाती आफ्रिकेतही आहे, हे वाचून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. आजच्या नायजेरिया देशात बेनिन नावाचे जुने राज्य होते. तेथील ओतकाऱ्यांचा संघ वंशपरंपरेने हेच काम करीत आला असून बेनिन शहरातील इगुन मार्गावर त्यांच्या भट्ट्या आजही पेटतात. नवा राजा गादीवर आला म्हणजे तो आपल्या दिवंगत पित्याचे मस्तक पितळेत ओतवून घेई व ते पूर्वजांच्या वेदीवर ठेवी. आपल्या देव्हाऱ्यातील वीरांच्या टाकांची येथे आठवण होते. १८९७ साली इंग्रजांच्या फौजेने ते शहर लुटले आणि हजारो वस्तू युरोपात गेल्या. त्यांपैकी काही जर्मनीने २०२२ मध्ये व नेदरलंडने २०२५ मध्ये परत केल्या. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब पुढेच आहे. हा धातू तेथे आला कोठून? पोर्तुगीज व्यापारी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पितळी कडी देऊन माल घेत, आणि त्यांच्या मोबदल्यात मनुष्येही विकत घेत. त्याच कड्यांची मोड करून बेनिनच्या कारागिरांनी आपल्या राजांची मस्तके ओतली. बेनिनच्या पुष्कळ कलाकृतींचा धातू या जर्मन बनावटीच्या कड्यांशी जुळतो, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या रासायनिक परीक्षणात दिसून आले. ज्या कड्यांनी मनुष्याची किंमत केली जात होती, त्याच कड्यांतून मनुष्याचा चेहरा निघाला.

म्हणून मोड करणे हे पाप आहे असे कोणी समजू नये. मोडीवाचून आपला धंदा कधीच चालला नाही, आणि बेनिनची मस्तकेही मोडीतूनच झाली. प्रश्न एवढाच की कशातून काय होते, आणि मुशीत टाकण्यापूर्वी कोणी ते पाहतो की नाही. फ्रान्समधील कॅले शहराच्या सहा नागरिकांचा रोदँ या शिल्पकाराने केलेला पुतळा १८९५ साली उभा राहिला. १३४७ साली इंग्रजांच्या वेढ्यात आपले गाव वाचविण्यासाठी गळ्यात दोर अडकवून मरावयास निघालेले हे सहा जण. त्यांपैकी कोणीही वीरासारखा दिसत नाही. एकाने डोके धरले आहे, एकजण मागे वळून पाहतो आहे. रोदँची इच्छा होती की त्यांना उंच चौथऱ्यावर चढवू नये, लोकांच्या पातळीवर ठेवावे. त्याच फ्रान्समध्ये १९४१ नंतर सरकारी हुकमाने पॅरिसच्या चौकांतील कित्येक कांस्यपुतळे धातूसाठी उतरवून वितळविण्यात आले. एकाच देशात, पन्नास वर्षांच्या आत, या दोन्ही गोष्टी घडल्या.

आता स्वतःची एक चूक सांगणे प्राप्त आहे. १९६० नंतरच्या दशकातील गोष्ट. स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघर येऊ लागली होती आणि पितळेची मोड गोण्या भरभरून आमच्या दुकानी येत होती. एके दिवशी एक वृद्ध बाई नातीच्या लग्नाची भांडी घेण्यासाठी मोड घेऊन आल्या. दोन घंगाळी, एक हंडा, आणि वीतभर उंचीची एक दीपलक्ष्मी. ओंजळीत पणती घेऊन उभी असलेली स्त्री. नाक-डोळे चिंच व राखेने घासून घासून पुसट झालेले, आणि पणतीची कड तेल घालणाऱ्या हातांनी गुळगुळीत झालेली. मी तिला हंड्याबरोबरच तागडीत टाकले. भाव चोख दिला. वजनात एक गुंजही कमी केली नाही. गोणी त्याच आठवड्यात भट्टीकडे गेली.

रात्री वडिलांनी विचारले, “अरे, त्या दीपलक्ष्मीच्या बैठकीखाली काही कोरलेले होते का?” मी म्हणालो, “दादा, मी पाहिले नाही.” ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच सांगितले की, आपले आजोबा मोडीत आलेली प्रत्येक मूर्ती आधी उलटी करून पाहत. मग ते जेवावयास बसले. त्या बाईंच्या घरात चार-पाच पिढ्यांनी जिच्या ओंजळीत तेल घातले, ती मूर्ती कोणी ओतली, कोणत्या शकात ओतली, कोणी कोणास दिली, हे कळण्याचा एकमेव मार्ग मी माझ्या हाताने बंद केला होता. मूर्ती गेली याहूनही, मी पाहिले नाही, हे मला अधिक लागले, व ते आजही लागते.

तेव्हा ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती अशी. आपण त्वष्ट्याचे वंशज म्हणवितो. घडविणारे म्हणून आपला गौरव करतो. मोडणारेही आपणच आहोत, हे विसरू नये. दुकानी असो वा स्वतःच्या माळ्यावर असो, मनुष्याकृती असलेली कोणतीही जुनी वस्तू, दीपलक्ष्मी, समईवरील बाहुली, घासून चेहरा पुसट झालेला बाळकृष्ण, मोडीत घालण्यापूर्वी एकदा उलटी करून पाहावी. बैठकीखाली नाव, गाव किंवा शक कोरला असेल तर तो उतरवून घ्यावा. छायाचित्र काढावे, आणि ती कोणाच्या घरची होती हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावे. १९७२ च्या कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही पुरावस्तू ठरते, तिचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही. आणि भूमीत काही सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांस देणे आवश्यक असते, हेही ध्यानी असावे. पुढील वर्षी अशा नोंदी ज्या कुटुंबांकडून येतील त्या याच स्मरणिकेत छापता आल्या, तर तो आपल्या ज्ञातीचा खरा इतिहास होईल.

मोहेंजोदडोच्या मुलीस घडविणाऱ्याचे नाव आपणास ठाऊक नाही, आणि दायमाबादचा रथ ओतणाऱ्याचेही नाही. परंतु आपल्या पणजोबांचे नाव अजून एखाद्या पणतीखाली असेल. ते वाचावयास फार विद्वत्ता लागत नाही. मूर्ती हातात घेऊन उलटी करावी लागते, एवढेच.